रविवारची मंडळी आणि उरलेले सहा दिवस : घरगुती गट हवेत की नकोत?

शरणपूरकर

नमस्कार. ख्रिस्ती वाचकांना जय ख्रिस्त.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, सध्या एक वाद रंगलाय. (मंडळीचं नाव देत नाही, नाशिककरांनी अंदाजही बांधू नयेत.) पास्टोरेट कमिटीतल्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या समितीतल्या) तरुण सभासदांचं म्हणणं असं की शहराचे भाग पाडावेत, प्रत्येक भागात दहा-बारा जणांचा गट करावा आणि त्यांनी दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी जमावं. जुनेजाणते म्हणतात, महिला मंडळ आहे, तरुण संघ आहे, महिन्याची कुटुंब प्रार्थना आहे, आता हे आणखी एक खूळ कशाला? एका काकांनी तर 'ही अमेरिकन फॅशन' असं म्हणून विषयच संपवला.

वयाने मी काकांच्या बाजूचा. मताने पोरांच्या. का, ते सांगतो.

शरणपूर ही नाशिकमधली ख्रिस्ती वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवली. त्या काळी बाप्तिस्मा घेतला की माणसाचं घर, जात, पाणवठा, लग्नकार्यातलं पान, सगळं एका दिवसात सुटायचं. नुसती रविवारची उपासना त्याला पुरी पडणारी नव्हती, शेजार हवा होता. इथे आफ्रिकेतली सोडवून आणलेली गुलाम मुलंही शिकली. डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी-प्रवाशाचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. १८७३ मध्ये तिथे दफनविधीची प्रार्थना वाचणारा तोच, आणि पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. हा मुलगा आपल्या नाशिकच्या शाळेतला. (विषयांतर झालं, पण ही गोष्ट नाशिकमध्ये फार थोड्यांना माहीत असते, म्हणून संधी सोडली नाही.)

तर मुद्दा शेजाराचा. माझ्या लहानपणी कोण आजारी, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणाचा नवरा पिऊन आला, हे नळावर पाणी भरताना कळायचं. डबा आपोआप जायचा. त्यासाठी कुणी समिती नेमली नव्हती. आज तीच कुटुंबं पाथर्डी फाटा, सिडको, म्हसरूळ, जेल रोड, सातपूर अशी पांगली आहेत. रविवारी गाडीवर यायचं, उपासना झाली की पार्किंगमध्ये दहा मिनिटं गप्पा आणि घरी जाऊन मटण. सोमवारपासून कोण कुठे आहे, कुणाला पत्ता नाही.

मागे आमचे एक वयस्कर सभासद, एकटेच राहणारे, बरेच आठवडे अंथरुणाला खिळून होते. मंडळीत हे सगळ्यांत आधी कुणाला कळलं? खजिनदारांना. कारण वर्गणीचं पाकीट आलं नव्हतं. पाळकांना नाही, मंडळीच्या वडिलांना (एल्डरांना) नाही, शेजारच्या बाकावर बसणाऱ्यालाही नाही.

वस्ती गेली, तिचं काम मात्र तसंच पडून आहे. ते कुणी तरी उचलायला हवं, आणि दोनशे माणसांच्या सभेला ते झेपणारं नाही. घरगुती गटाचा अर्थ मी एवढाच घेतो. बायबल अभ्यास, गाणी हे सगळं त्याच्या मागून.

तुमच्याकडे काय अनुभव?

---

देवळालीची माई

शरणपूरकर, तुमचं म्हणणं पटलं. आमच्या कॅम्पात बरीच वर्षं गट आहे. सुरुवातीला फार जोरात होता आणि मग एकदम गळाला. का गळाला ते सांगते, कारण ते कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं.

खाण्यामुळे.

पहिल्या घरी चहा-बिस्किटं. दुसरीने पोहे केले. तिसरीला वाटलं आपण कमी नको, तिने पावभाजी केली. चौथ्या घरी चिकन बिर्याणी. पाचवी बाई धुणीभांडी करून घर चालवते, तिची पाळी आली तेव्हा तिच्या मुलीला ताप आला. पुढच्या वेळी गावाहून पाहुणे. मग तिने यायचंच सोडलं. सगळ्यांना वाटलं तिचा विश्वास थंडावला. विश्वास नव्हता थंडावला, घरात एका वेळी बारा कप नव्हते!

आता आमचा नियम असा की फक्त चहा, आणि साखर-चहापत्ती गटाच्या डब्यातून. कपसुद्धा गटाचे, ते पिशवीतून एका घरून दुसऱ्या घरी जातात. यजमानाने एक बिस्किटाचा पुडा जरी जास्त काढला तरी मी ओरडते. नव्या सुना मला घाबरतात, घाबरू देत.

---

जुनी पाने

माई, तुमचा नियम थेट नव्या करारातला आहे. करिंथच्या मंडळीत हाच घोळ झाला होता. श्रीमंत आधी येऊन जेवून घ्यायचे, मजुरी करून उशिरा येणारे उपाशी राहायचे. प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात त्यांना चांगलंच झापलंय. प्रभुभोजनाविषयीचं (उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीविषयीचं) जे वचन आपण दर वेळी ऐकतो ते त्या झापण्याच्या ओघात आलेलं आहे.

'अमेरिकन फॅशन'वाल्या काकांसाठी थोडा इतिहास. पहिल्या शतकात मंडळ्या घरातच जमत. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरच्या मंडळीला सलाम आहे, कलस्सैकरांस पत्रात नुंफेच्या घरची मंडळी आहे, फिलेमोनाच्या घरची आहे. सीरियात दुरा-युरोपस इथे उत्खननात तिसऱ्या शतकातलं एक राहतं घर सापडलं, आतली भिंत पाडून सभेची खोली मोठी केलेली आणि एका खोलीत बाप्तिस्म्याचा हौद. चर्चची म्हणून वेगळी मोठी इमारत ही नंतरची गोष्ट.

पुढे १६७० मध्ये फ्रँकफर्टला श्पेनर नावाच्या लूथरन पाळकाने घरी अभ्यासमंडळं सुरू केली. पण शरणपूरकरांच्या खजिनदाराशी थेट नातं आहे ते इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

१७४२ साली ब्रिस्टलमध्ये वेस्लीच्या लोकांवर सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. ते कसं फेडायचं यावर बैठक बसली. फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणी म्हणालं, पुष्कळांना तेवढंही परवडत नाही. त्यावर फॉय म्हणाला, त्यांच्यातले सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांना जमलं तर ते देतील, नाही जमलं तर त्यांचे मी भरीन. मग सगळ्यांचे असेच बारा-बाराचे भाग पडले. प्रत्येक भागाचा एक जण दर आठवड्याला घरोघर जाऊन पेनी गोळा करू लागला.

आणि दारात गेल्यावर त्याला घरातलं दिसायला लागलं. कोण दारूत बुडालंय, कोण भांडतंय, कोण आजारी आहे. हे वसुली करणारे येऊन वेस्लीला सांगू लागले, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की इतके दिवस आपल्याला हवी होती ती व्यवस्था हीच. घरोघर फिरणं सगळ्यांना सोयीचं पडेना, म्हणून पुढे तो भागच एका ठिकाणी जमू लागला. मेथडिस्टांचा 'क्लास' तो हाच. तुमच्या खजिनदारांनी नकळत कप्तान फॉयचंच काम केलं.

---

मागचा बाक

विरोधी मत मांडतो, राग नसावा.

मी पंधरवड्यातून एकदा चर्चला जातो, मागच्या बाकावर बसतो, 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातली गाणी पुटपुटतो, प्रभुभोजन घेतो आणि निघतो. मला ते आवडतं. तिथे 'या आठवड्यात देवाने तुमच्या जीवनात काय केलं ते सांगा' असं कुणी विचारत नाही. छापील प्रार्थनेची मोठी सोय अशी की मनात काही नसलं तरी ओठांवर शब्द असतात, आणि कधी कधी ते शब्द मागाहून मनात उतरतात.

घरगुती गटात मी दोनदा अडकलो आहे. सगळे गोल करून बसलेले, एकेकाची साक्ष (देवाचा आपल्याला आलेला अनुभव सांगणं), आणि माझी पाळी जवळ येत चालली की पोटात गोळा. सगळ्यांना मोकळं होता येत नाही हो. त्याला थंड विश्वास म्हणू नका. दोनशे माणसांत हरवून जाता येणं हीसुद्धा मंडळीने दिलेली एक सोय आहे.

---

सेकंड शिफ्ट

सातपूर एमआयडीसी. आमच्यासारख्यांना भागवार गट काही उपयोगाचा नाही. गट संध्याकाळी साडेसातला, मी मशीनवर. पुढच्या आठवड्यात नाइट, तेव्हा झोपलेलो. रविवारीसुद्धा बऱ्याचदा ओव्हरटाइम लागतो.

म्हणून आम्ही चार कंपन्यांतले सात-आठ जण सेकंड सुटल्यावर एका टपरीच्या मागे उभ्याउभ्याच भेटतो. एक स्तोत्र मोबाइलवर वाचतो, कुणाचं काय चाललंय ते बोलतो, प्रार्थना, घरी. वीस मिनिटं. गाणी नाहीत, रात्री गायलो तर लोक मारतील. दोघं जण कॅथलिक आहेत, एक जण पेंटेकॉस्टल, कुणी विचारत बसत नाही.

कंत्राट संपून एकाला घरी बसवलं तेव्हा दुसरीकडे चिकटवणारे हेच लोक. गट भागाप्रमाणे पाडा असं कुठे लिहिलंय? वेळेप्रमाणे पाडा.

---

जेल रोडची

कॅथलिकांचा उल्लेख आलाच आहे तर आमच्याकडचं सांगते. आमच्यात याला एससीसी म्हणतात, लहान ख्रिस्ती समूह. पॅरिशचे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीचे, भाग पाडलेले, प्रत्येक भागाची अ‍ॅनिमेटर, म्हणजे समूह चालवणारी, असते. (बहुतेक बाईच असते, पुरुष फक्त खुर्च्या मोजायला.) आशियातल्या बिशपांची १९९० साली बांडुंगला परिषद झाली. तिथे स्थानिक चर्च म्हणजे अशा छोट्या समूहांचा मिळून झालेला समूह असावा, असा विचार पुढे आला. म्हणजे आमच्यात हे कुणा उत्साही फादरचं खूळ नाही, वरून आलेलं धोरण आहे. वरून आलं म्हणजे खाली पोचलंच असं नाही, हे ओघानेच आलं.

'मागचा बाक' यांना एक सुचवते. आमच्याकडे शुभवर्तमान वाचायची सात पायऱ्यांची एक रीत आहे, दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेतून आलेली. आधी प्रभूला बोलावणं. मग उतारा वाचायचा. मग ज्याला जो शब्द लागला तो त्याने फक्त उच्चारायचा, बाकी काही नाही. मग काही मिनिटं अगदी गप्प. त्यानंतर ज्याला वाटेल त्याने बोलायचं. सहाव्या पायरीवर आपल्या भागात या आठवड्यात करायचं एक काम ठरवायचं, आणि शेवटी प्रार्थना. गोल फिरून पाळी येत नाही. आमच्याकडे एक आजोबा आहेत, ते वर्षानुवर्षं एक शब्द उच्चारतात आणि गप्प बसतात. कुणी टोकत नाही.

खरी गंमत सहाव्या पायरीवर आहे. जे समूह ती गाळतात त्यांचं हळूहळू जपमाळ मंडळ होतं. वाईट काहीच नाही त्यात, पण मग शेजारच्या बिल्डिंगमधली बाळंतीण तशीच राहते.

फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोडला हजारोंनी लोक येतात, रांगेत तासन् तास उभे राहतात. माझा त्यावर विश्वास आहे, मीही मेणबत्ती लावते. पण त्या रांगेत माझ्या पुढचा माणूस कोण होता ते मला माहीत नसतं.

---

गंगापूर रोड

मी ख्रिस्ती नाही. धागा वाचून दोन प्रश्न पडले, खवचट वाटले तर क्षमा करा.

आमच्या सोसायटीत एका फ्लॅटमध्ये दर गुरुवारी अशी सभा असते. टाळ्या, ढोलकी, माइक. एक: माइक कशाला, बारा माणसं तर असतात? दोन: सोसायटीत कुजबुज आहे की हा धर्मांतराचा कार्यक्रम आहे. मला तसं वाटत नाही, पण विचारायला संकोच वाटतो.

बाकी सांगायचं तर माझी आई एकादशीला बायकांच्या भजनी मंडळात जाते. तिथेही भजनापेक्षा कुणाची सून कशी आणि कुणाचं ऑपरेशन कधी यालाच जास्त वेळ जातो. बाबा गेले तेव्हा तेरा दिवस घर त्या बायकांनीच चालवलं. तेव्हा शरणपूरकर म्हणतात ते मला पुरतं कळतं.

---

शरणपूरकर

गंगापूर रोड, खवचट अजिबात नाही. उलट असं समोर विचारलेलं बरं.

माइकविषयी तुमच्याशी शंभर टक्के सहमत. बारा माणसांना माइक लागत असेल तर तो देवासाठी नाही, शेजाऱ्यांसाठी लावलेला आहे. आमच्या प्रस्तावात पहिली अट तीच टाकलीय: माइक नाही, आवाज भिंतीच्या आत, साडेनऊला बंद.

दुसरं. बहुतेक घरगुती गट सभासदांचेच असतात, पिढीजात ख्रिस्ती घरांतले. कुणी शेजारी, मित्र सहज येऊन बसतो, येऊ नये असं कुणी म्हणत नाही. पण आजारी माणसाला 'प्रार्थनेला या, बरे व्हाल, मग पुढचं बघू' अशी गळ घालणारे लोक आमच्यातही आहेत, हे नाकारत नाही, आणि मला तो प्रकार आवडत नाही. प्रेमाला पावती मागू नये.

आपल्या भागातलं एक उदाहरण आहे. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई इथल्याच, जलालपूरच्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये, स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळेने. आणि १९१७ मध्ये टिळकांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना, दोघांनाही जागा होती. त्यावर त्यांच्याच लोकांनी भुवया उंचावल्या. त्या दरबाराची रीत मला आजही जवळची वाटते.

तुम्ही त्या फ्लॅटची बेल वाजवून एकदा सांगून बघा. फुकटचा सल्ला: गुरुवारी नको, बुधवारी जा.

---

अनामिका

एवढं गोड चाललंय, म्हणून थोडं कडू लिहिते.

छोट्या गटात सगळ्यांना सगळं कळतं हा त्याचा गुण सांगताय. तोच त्याचा काटा आहे. आमच्याकडे चुगली कधीच चुगली म्हणून होत नाही. ती 'प्रार्थनेसाठी सांगते हं' अशी सुरू होते. 'अमुकच्या मुलीसाठी प्रार्थना करा, रात्री उशिरा येते म्हणे.' झालं. दुसऱ्या दिवशी ते व्हॉट्सॲपवर, हात जोडलेल्या चिन्हासकट.

याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पातकं कबूल करा असं आहे. त्यात आपापली पातकं अपेक्षित आहेत, शेजारणीची नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. माझी एक मैत्रीण, नवरा मारायचा. तिने धाडस करून गटात सांगितलं. गटाने काय केलं? दोघांना समोरासमोर बसवलं, हात हातात दिले, क्षमेवर वचन वाचलं, प्रार्थना केली. सगळ्यांचे डोळे ओले. घरी गेल्यावर 'बाहेर सांगितलंस' म्हणून तिला दुप्पट मार. असं पुन्हा पुन्हा झालं. शेवटी त्याच गटातल्या एका म्हाताऱ्या आजींनी कुणालाही न विचारता तिला रिक्षात घातलं आणि आधी डॉक्टरकडे, मग संरक्षण अधिकाऱ्याकडे नेलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ती सोय आहे, हे गटात कुणालाच माहीत नव्हतं. आजींनाही नव्हतं, त्यांनी नातीला फोन करून विचारलं.

म्हणून गट काढताना गटप्रमुखाला वचनं पाठ आहेत का, एवढंच बघू नका. त्याला १८१ हा महिलांच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ आहे का, हेही बघा. मारहाण, मुलांशी गैरवर्तन, जीव द्यायची भाषा: हे तीन विषय गटात 'मिटवायचे' नसतात. आणि मुलांना शेजारच्या खोलीत एकाच मोठ्या माणसाच्या भरवशावर बसवायचं नाही. तो माणूस कितीही चांगला असो.

---

देवळालीची माई

अनामिका, त्या आजींना माझा सलाम सांग.

---

निवृत्त पाळक

अनेक वर्षं वेगवेगळ्या मंडळ्यांत सेवा केली, त्यामुळे दुसरी बाजूही मांडतो. पाळक गटांना का घाबरतात ते कुणी लिहिलं नाही.

पहिलं कारण निवडणूक. पास्टोरेट कमिटीची निवडणूक जवळ आली की प्रार्थनागटाचा पॅनेल कधी होतो, समजत नाही. एका भागाची बारा मतं गठ्ठ्याने पडतात. दुसरं कारण दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग मंडळीला देणं. गटप्रमुख चांगला बोलतो, लोकांच्या अडीअडचणीला धावतो, हळूहळू लोक दान त्याच्याकडे देऊ लागतात आणि दोन वर्षांत बाहेर नवीन बोर्ड लागतो. नाशिकमध्ये असे बोर्ड किती आहेत ते मोजत फिरलो तर पेट्रोल संपेल.

तरी मी गटांच्या बाजूचा आहे. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवत बसतो, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो म्हणतो, असं केलंस तर तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. सासऱ्याचं ऐकलेला जावई म्हणूनही मोशे थोरच. कोरियात सोल शहरात पाळक चो १९६४ मध्ये कामाच्या ताणाने अक्षरशः कोसळले, त्यानंतर त्यांनी मंडळी घरोघरच्या गटांत वाटली. पुरुष पुढे येईनात म्हणून बायकांच्या हाती दिली, आणि मंडळी लाखोंच्या घरात गेली. ही गोष्ट प्रत्येक सेमिनारमध्ये सांगतात. पुढची सांगत नाहीत. २०१४ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याच चोंना मंडळीच्या पैशांच्या प्रकरणात दोषी ठरवलं. खाली हजारो गट असूनही वरच्या माणसाला प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. गटांची माहिती खालून वर जात राहिली आणि हिशेब वरून खाली आलाच नाही, तर त्या सहभागितेला मी अर्धवट म्हणेन.

मी काही साध्या गोष्टी पाळत आलो. गटात पैसा गोळा होणार नाही, चहाच्या डब्याव्यतिरिक्त. गटप्रमुख दोन वर्षांनी बदलेल, कितीही लाडका असला तरी. एकाच आडनावाचा गट होऊ द्यायचा नाही. आणि एक गोष्ट मोठ्याने बोलली जात नाही, ती मी लिहितो: कुठल्या जातीतून, कुठल्या तालुक्यातून कुणाचे पूर्वज आले, हे आपल्याकडे तीन पिढ्यांनंतरही विसरलेलं नाही. गट मोकळे सोडले तर ते बरोबर त्याच रेषांवर जमतात. म्हणून गट पाडताना पाळकाने थोडा वाईटपणा घ्यावा लागतो.

---

पेठचा पोरगा

मी पेठ तालुक्यातला, कॉलेजसाठी नाशिकला रूमवर राहतो. आमच्या पाड्यावर चर्चची इमारतच नाही, त्यामुळे गट आणि मंडळी असं वेगळं काही माहीतच नव्हतं. एखाद्याच्या ओट्यावर बसलं की झाली मंडळी. रोवणीच्या दिवसांत उपासना संपली की सगळे त्याच घरच्या आवणात (भातलावणीत) उतरायचे.

शहरात आलो तेव्हा मोठ्या चर्चमध्ये गेलो. सुंदर गाणी, पंखे, प्रोजेक्टर. बरेच रविवार गेलो, हातात हात दिला सगळ्यांनी, 'गॉड ब्लेस यू' म्हणाले, नाव कुणी विचारलं नाही. मग एका काकूंनी विचारलं, जेवतोस कुठे? त्यांच्या घरच्या गटात जायला लागलो. तिथे माझी मराठी ऐकून दोघं-तिघं हसतात अजून, पण परीक्षेच्या आधी काकू डबा पाठवतात.

माझ्या रूममध्ये अजून चार जण आहेत, सुरगाणा आणि दिंडोरीकडचे. आमचं काय करणार आहात, शरणपूरकर काका? आमचा भाग कुठला?

---

मागचा बाक

लुम्कोची ती गप्प बसण्याची पायरी आवडली. अनामिका यांनी लिहिलेलं वाचून मात्र मागचा बाक आणखी घट्ट धरावासा वाटला, आणि पेठच्या पोराचं वाचून जरा लाज वाटली. नाव न विचारणाऱ्यांत मीही असणार.

खुर्च्या लावायचं, कपांची पिशवी न्यायचं वगैरे काम असेल तर येईन. साक्ष देणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

---

जुनी पाने

मागचा बाक, १७४२ मध्ये कप्तान फॉयनेही काही साक्ष वगैरे दिली नव्हती, फक्त गरीब घरांचे पैसे स्वतः भरायची तयारी दाखवली होती. तुमचं चालून जाईल.

---

शरणपूरकर

सगळ्यांचे आभार. या धाग्याची प्रिंट काढून कमिटीत नेली होती (नावं आहेत तशीच, 'देवळालीची माई' वाचून काका पहिल्यांदा हसले).

ठरलं ते असं. सहा महिने प्रयोग, तीनच गट: पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आणि तिसरा भागाचा नाही तर रूमवर राहणाऱ्या मुलांचा. तो शनिवारी दुपारी, कारण रात्री मेस बंद होते. चहाचा डबा आणि कप गटाचे. माइक नाही. पैसे नाहीत. प्रमुख दोन वर्षांनी बदलणार, हा मुद्दा मंजूर व्हायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. कारण ज्यांना प्रमुख व्हायचंय ते तिथेच बसले होते. अनामिका यांचे तीन विषय लेखी नियमांत गेले. महिला मंडळाच्या अध्यक्षा संरक्षण अधिकाऱ्यांना एका रविवारी बोलायला बोलावणार आहेत. चर्चमध्ये सरकारी माणूस कशाला, असं कुणी तरी म्हणालंच. त्यावर अध्यक्षाबाईंनी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काकांचं मत बदललेलं नाही. पण पाथर्डी फाट्याची पहिली बैठक त्यांच्याच घरी आहे, कारण त्या भागात तेवढा मोठा हॉल फक्त त्यांच्याकडे आहे आणि काकूंनी आधीच हो म्हणून टाकलंय.

पेठच्या पोरा, तुझा आणि रूममधल्या चौघांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

---

सेकंड शिफ्ट

शनिवारी दुपारी म्हणजे किती वाजता? पुढच्या आठवड्यात माझी फर्स्ट आहे, साडेतीनला सुटतो. कॉलेजात नाही मी, पण रूमवरच राहतो. चालेल का?

---

शरणपूरकर

चालेल. साडेचार ठेवतो. येताना पेठ रोडवरून मुलांना घेऊन ये, दोघांकडेच गाडी आहे.